झोपायचं काम

त्या हिवाळ्यात मी काहीही केलं नाही, आणि तेही अगदी मन लावून केलं.

ओसाकातल्या भिंगांच्या कारखान्यातली नोकरी मी ऑक्टोबरअखेर सोडली. सेंदाईची नवी नोकरी एप्रिलात सुरू होणार होती, कारण या देशात शाळा, कचेऱ्या आणि चेरीची झाडं, सगळी एप्रिलातच कामाला लागतात. मधले महिने कोणाचेच नव्हते, म्हणजे माझे होते. आई सांगलीहून फोनवर म्हणाली, "मोकळीच आहेस तर ये की इकडे, एकदोन स्थळं बघून ठेवलीत." त्याच संध्याकाळी मी शिनानोच्या डोंगरात एक घर हिवाळ्यापुरतं भाड्याने घेतलं.

कामिसावा हे गाव एका उताराला धरून बसलंय. माझं घर शेवटून दुसरं. शेवटचं किनुए आजींचं. त्यापलीकडे देवदारांची रांग आणि मग डोंगर. तो दिसायचा तेव्हा सगळं आकाश अडवून दिसायचा, नाहीतर आठवडाच्या आठवडा गायब असायचा. पहाटे कधी उघडला, तर वरच्या टोकाला आधी गुलाबी रंग यायचा आणि तो हळूहळू खाली उतरायचा. मी मात्र तो बहुतेक वेळा चुकवायची. मला झोप प्रिय होती.

इतकी वर्षं घड्याळाच्या गजरावर उठले होते. गाडीत उभ्याने डुलक्या काढल्या होत्या, बैठकीत डोळे उघडे ठेवून झोपायची कला शिकले होते. आता गादी जमिनीवर पसरलेली, वर दोन जाड रजया, आणि बाहेर बर्फ पडतोय. बर्फ पडतो त्याचा आवाज नसतो असं म्हणतात, पण असतो. इतर सगळे आवाज एकेक करून निघून जातात, आणि मग जे उरतं तो. नळ गोठू नये म्हणून रात्री बारीक धार सोडून ठेवावी लागायची. झोपेत ती ऐकू आली की मी कृष्णेच्या घाटावर पडलेय असं वाटायचं, आणि मी कूस बदलायची.

डिसेंबर अर्धा सरला आणि बर्फाने खालच्या मजल्याच्या खिडक्या गिळल्या. काचा फुटू नयेत म्हणून बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. त्यांच्या फटींतून येणारा उजेड निळा असायचा. भर दुपारीसुद्धा मी विहिरीच्या तळाशी बसलेय असं वाटायचं. मी कोतात्सुत कमरेपर्यंत शिरून बसायची. वर चौरंग, त्यावर संत्र्यांची टोपली, खाली शेगडी, चारी बाजूंनी गोधडी. पुस्तक हातात असायचं. एकच पान दोन दोन दिवस पुरायचं. संत्र्याची सालं शेगडीजवळ वाळत टाकली की खोलीभर वास पसरायचा, आणि त्या वासातच माझा डोळा लागायचा. संध्याकाळी गावाच्या न्हाणीघरात जाऊन गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं. वरचं छप्पर अर्धं उघडं होतं. केसांवर बर्फ साचायचा आणि खाली बोटं सुरकुतायची. त्या पाण्यात मी सेंदाईचा विचार करायचा प्रयत्न करायची, पण विचार दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकायचा नाही.

या सुखात एकच विघ्न होतं, ते म्हणजे किनुए आजी. आणि तेही मला हवंसं होतं.

"उठलीस का गं?" सकाळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंचावरच्या खिडकीतून आवाज यायचा. "मला वाटलं मेलीस. उदबत्ती शोधत होते."

"आजी, आत्ता कुठे दहा वाजताहेत!"

"दहा वाजता आमच्या वेळच्या सुना दुपारच्या जेवणाची भांडी घासून सासूला शिव्या घालायला मोकळ्या व्हायच्या. ये, चहा घे."

ऐंशी ओलांडलेल्या, उंचीने माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पाठ थोडी पुढे झुकलेली. डोक्याला कायम रुमाल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मासाहारू नागोयाला. त्यांच्या घरी चहा म्हणजे चहा आणि नोझावाना. ही लांब देठांची पालेभाजी त्या नोव्हेंबरात मिठात घालून पिंपात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पडवीतल्या पिंपावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. तो मुठीने फोडून त्या आतून जुडी ओढायच्या आणि बोटं लाल झाली तरी हूं की चूं करायच्या नाहीत. डिसेंबरात पानं हिरवीगार आणि कुरकुरीत होती. "थांब," त्या म्हणायच्या, "माघ सरता सरता ही पिवळी पडतील, मग आंबट होतील. खरी चव तेव्हा. तोवर तू इथे आहेस ना?"

"मार्चअखेरपर्यंत आहे की."

"मग खाशील. नोकरी नाही, नवरा नाही, निदान लोणचं तरी नशिबात असू दे."

मी पेला खाली ठेवला की त्या भरायच्या. त्यांनी भरला की मी प्यायची. दुपार अशीच वितळून जायची. त्यांच्या गप्पांना शेंडाबुडखा नसायचा. देवदारांखाली येऊन उभी राहणारी रानबकरी, लग्नात आणलेली आणि अजून न फाटलेली चादर, गावातल्या कोणाची बायको कोणाबरोबर पळाली आणि बर्फ पडल्यामुळे पुढच्या गावातूनच कशी परत आली. मी अर्धं ऐकायची, अर्धं स्वप्नात पाहायची.

एका दुपारी फोन वाजला. त्या 'हं, हं' करत बराच वेळ ऐकत राहिल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, "मासाहारू होता. आठव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली तयार ठेवलीय म्हणतो. पडदेसुद्धा लावलेत."

"तुम्हाला नाही जायचं?"

"मी एकदा जाऊन राहिले ना. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. तो म्हणतो, आई, इथे बर्फ पडत नाही. मी म्हटलं, मग हिवाळा आला हे तुम्हाला कळतं कसं, पंचांग बघून?" त्यांनी माझा पेला भरला. "माझं मरण इथेच व्हायचंय. घाई नाही, पण इथेच. त्याच्याशी ठरलंय माझं. जोवर माझं मला होतंय तोवर मी इथे. होईनासं झालं की कुरकुर न करता त्याच्या गाडीत बसायचं. शब्द दिलाय मी."

"तुमचं तर सगळं तुम्हीच करता!"

"करतेच," आजी म्हणाल्या आणि उगाच पिंपाकडे बघून आल्या. मला त्या क्षणी वाटलं, हा आठवा मजला आणि ते पडदे कधीच येऊ नयेत. ही बाई या घरातून उचलली तर घर एका हिवाळ्यात खाली बसेल, आणि ती त्याहून आधी.

मग जानेवारीत मी ती चूक केली. गंमत अशी की सबंध हिवाळ्यात मी उद्योग म्हणून केला तो हा एकच.

झालं असं की, एका पहाटे मला आपोआप जाग आली. बाहेर लख्ख उजाडलं होतं. रात्रभर बर्फ पडून थांबला होता आणि डोंगर टोकापासून पायथ्यापर्यंत उघडा उभा होता. हवा इतकी कोरडी की श्वास नाकातच करकरत होता. मी दाराशी टेकलेलं फावडं घेतलं. फावडं कसलं, दोन्ही हातांनी ढकलायचं मोठं पत्र्याचं सूपच ते. भरायचं, ढकलत रस्त्यापर्यंत न्यायचं आणि कडेच्या वाहत्या गटारात ओतायचं. पाणी बर्फ गिळतं आणि पुढे नेतं. ओसाकात बर्फ कधी पडलाच तर लोक फोटो काढेपर्यंत वितळून जातो. इथे मात्र हात तापले, अंगात ऊब आली, आणि इतकं बरं वाटलं की माझी वाट संपली तरी थांबवेना. शेजारी आजींची वाट तशीच भरलेली होती. दारापासून रस्त्यापर्यंत सगळी साफ करून टाकली. पहाटे बर्फ फेकणारी मोठी गाडी जाते, ती प्रत्येकाच्या वाटेच्या तोंडाशी टणक बर्फाचा बांध घालून जाते. तोसुद्धा फोडला. आजी उठून बघतील आणि खूश होतील, या विचाराने मी स्वतःवरच खूश होत होते.

आजींनी दार उघडलं, वाट बघितली, मला बघितलं. मग कमरेत पार वाकून म्हणाल्या, "आपले फार उपकार झाले."

आपले. मला. कालपर्यंत 'मेलीस का' विचारणाऱ्या बाईने.

मला वाटलं, भारावल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडला, मी पुन्हा उठले. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी दुपारी माझ्या दाराशी कागदात नीट गुंडाळलेली डाळीच्या पुरणाची वडी यायची, दुकानातली. लोणचं नाही. चहाची हाकही नाही. खिडकीला पडदा. मी मनात म्हटलं, थंडीने आजारल्या असतील, आणि अधिकच जोमाने फावडं मारलं.

शेवटी इवाओकाकांनी सांगितलं. ते आमच्या आळीचे प्रमुख. सत्तरीचे. लाल रंगाचं बर्फ उडवायचं यंत्र घेऊन सकाळी गल्लीभर फिरायचे आणि मला 'ओसाकावाली' म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी यंत्र माझ्याजवळ आणून बंद केलं.

"काय ओसाकावाली, म्हातारीला निवृत्त केलंस की तू."

"मी? मी तर फक्त वाट साफ केली त्यांची."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी हातमोजा काढून नाक पुसलं. "अगं पोरी, सकाळी मी फिरतो ते काय यंत्राला व्यायाम म्हणून? मी वाटा बघतो. कोणाची झाली, कोणाची नाही, कोणाची वाकडी झाली. ज्याची वाट त्याने काढली तो धड आहे. शेजाऱ्याच्या हद्दीत एक फावडं जास्त मारायचं, ती रीत. पण अख्खी वाट मारली की गाव समजतं, ते घर आता थकलं."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं की. परवा नाही का म्हणालो, 'आज फार मेहनत चाललीय'?"

"ते सांगणं झालं?"

"याहून स्पष्ट काय सांगायचं?" ते खरंच दुखावल्यासारखे दिसले. मग यंत्राच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "मासाहारूचा फोन आला होता. आईची वाट कोण काढतं, विचारत होता. मला खोटं बोलता येत नाही बाबा. शनिवारी येतोय तो. मोठी गाडी घेऊन."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तशीच आजींच्या दाराशी गेले. त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.

"आजी, मला माहीत नव्हतं हो. मी मासाहारू-सानना सांगते, चूक माझी—"

"तू सांगणार आणि तो ऐकणार. तू परकी, तो आईचा लाडका." त्या इतक्या दिवसांनी पुन्हा 'तू' म्हणाल्या, आणि मला रडूच आलं. "डोळे पूस, गालांवर गोठेल. आत ये."

चहा झाला. पानं पिवळी पडू लागली होती. आजी बराच वेळ गुडघा चोळत बसल्या.

"शनिवारी रात्री खूप पडणार," त्या म्हणाल्या. "हा डावा गुडघा सांगतोय. रविवारी सकाळी तुला एक काम करायचंय."

"सांगा. काहीही सांगा."

"झोपायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपायचं. रजई डोक्यावरून घ्यायची आणि काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही. मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही. दुसरं काही येत नसलं तरी एवढं तुला येतं."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"तर पडेन. बर्फात पडलेलं लागत नाही."

"आजी, गेल्या महिन्यात तिसऱ्या आळीतले ते आजोबा बर्फ उपसतानाच—"

"त्यांचं हृदय गेलं. माझं आहे." त्यांनी माझा पेला भरला. "अनागा," माझ्या नावाचा त्यांचा उच्चार असाच होता, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं? आत्ता मागतेय. उठू नकोस."

मी हो म्हटलं. हो म्हणताना त्यांच्या मनगटाकडे बघत होते. किटली धरलेलं ते मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं.

शनिवारी मासाहारू-सान आले. पन्नाशीचे, केस नीट विंचरलेले, बोलण्यात अदब. आधी माझ्या दाराशी आले आणि मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पुढे करून वाकले. "आईसाठी आपण इतके कष्ट घेतलेत. आमचं काम आपण केलंत."

"अहो नाही, ऐका तरी. मी गंमत म्हणून केलं. मला बर्फ ढकलायला आवडतं. त्यांना जमत नाही म्हणून नाही. त्या स्वतःच काढतात, माझ्याआधी रोज त्याच—"

"आपला स्वभाव चांगला आहे," ते हसून म्हणाले. एक अक्षर कानात शिरलं नव्हतं. मग त्यांचं हसू गेलं आणि ते देवदारांकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षी अर्धा दिवस तिने फोन उचलला नाही. मी नागोयाहून पाच वेळा इवाओकाकांना पळवलं. ती पिंप धूत बसली होती. मी रोज सकाळी आधी इथल्या बर्फाची बातमी बघतो, मग चहा पितो. तुम्ही तिची वाट काढता हे कळलं तेव्हा मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता तिला न्यायला कारण मिळालं."

त्या माणसाचा रागही करता येईना. मी खोका छातीशी धरून आत आले.

रात्री झोप लागेना. अख्ख्या हिवाळ्यात मी झोपेची मालकीण होते, आणि नेमकं काम पडलं तेव्हा ती पळाली. बर्फ पडतच होता. कधीतरी डोळा लागला असावा, कारण स्वप्नात किनुए आजी आठव्या मजल्याच्या खिडकीतून खाली फावडं मारत होत्या आणि खाली काहीच नव्हतं.

पहाटे बर्फ फेकणारी मोठी गाडी गडगडत गेली. घर हललं. मग पुन्हा सगळं मऊ झालं. रजईच्या आत निळसर अंधार होता, नळाची धार वाहत होती, आणि मी कान देऊन पडले होते.

आला. खरर्र. पत्रा बर्फावरून सरकल्याचा आवाज. थांबला. मग गटारात धप्प. पुन्हा खरर्र. सावकाश, दोन आवाजांच्या मधे मोठा श्वास मावेल इतक्या अंतराने. मला माझं फावडं आठवलं, माझी घाई आठवली. आजींच्या आवाजात घाई नव्हती. त्या जणू कोणाला थोपटत होत्या. ऐकता ऐकता माझे हातपाय सैल पडले, आणि मला लाज वाटली की मला इतकं सुख होतंय. बाहेर ऐंशी वर्षांची बाई बर्फ उपसतेय आणि मी उबेत पडून ते ऐकतेय. तरी होत होतं, हे खोटं सांगून कसं चालेल?

मग आवाज थांबला.

मी वाट बघितली. धप्प आला नाही. खरर्र आला नाही. नळाची धार तेवढी. मी उठून बसले. रजई पायाशी गेली. आता येईल, मी म्हटलं, आता येईल. आला नाही. मी अनवाणी दारापर्यंत गेले. कडीला हात लावला तर लोखंड बोटांना चिकटलं. त्या तोंडाशी असणार, त्या टणक बांधाशी. तिथेच माझा घाम निघायचा. त्या पडल्या असतील. दार उघडलं तर शब्द मोडला, त्यांचं घर गेलं. नाही उघडलं तर कदाचित त्याच गेल्या. माझ्यावर आयुष्यात इतकं काही ठरवायची वेळ आली नव्हती, आणि पायाखालची फरशी अशी गार की विचार करता येईना. मी कडी अर्धी सरकवली.

बाहेर कोणीतरी खाकरलं. थुंकलं. "हरामखोर," आजी त्या बांधाला म्हणाल्या. आणि मग ठक, ठक, ठक, फावड्याच्या कडेने टणक बर्फ फोडल्याचा आवाज.

मी कडी परत लावली आणि गादीत शिरून रजईचं टोक तोंडात कोंबलं.

ठकठक संपली. मला वाटलं, झालं. पण खरर्र पुन्हा सुरू झाला आणि या वेळी जवळ. आधी मला कळेचना. मग माझ्याच भिंतीला लागून पत्रा घासत गेला. आजी माझी वाट काढत होत्या. एक फावडं नाही. अख्खी.

"आई!" मासाहारू-सानचा आवाज. दार धाडकन उघडल्याचा, धावत्या बुटांचा. "आई, काय चाललंय हे? ठेव ते! मी करणार होतो!"

"ओरडू नकोस. झोपलीय ती."

"कोण?"

"शेजारीण. उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. तिची वाट कोण काढणार, तुझा बाप?"

"पण तीच तर तुझी वाट काढते ना! इवाओकाका म्हणाले—"

"काढली तीन दिवस. खेळायला म्हणून. लहान पोर बर्फात खेळतं तसं. त्यावरून तू मला गाडीत घालायला आलास?" खरर्र. धप्प. "माझी बघ. दारापासून रस्त्यापर्यंत. वाकडी आहे कुठे? बघ नीट. बांध फोडलाय. आता हिचीही झाली. तुझी गाडी गाडली गेलीय तेवढी राहिलीय. ती तू काढ, मला नाष्टा करायचाय."

थोड्या वेळाने दुसऱ्या फावड्याचा आवाज सुरू झाला, जोरकस आणि बेताल. नागोयाचा हात.

माझ्या दारावर थाप पडली. "अनागा! मेलीस का?"

मी उठले. केस विंचरले नाहीत. रजई अंगाभोवती तशीच लपेटून, डोळे चोळत दार उघडलं. काम पुरं करायचं तर नीट करावं. बाहेर लख्ख उन्हात माझी वाट रस्त्यापर्यंत सरळ गेली होती, कडा सुरीने कापल्यासारख्या. गाडीशी मासाहारू-सान घामाघूम उभे होते. त्यांनी मला नखशिखांत बघितलं. कालची अदब कुठल्या कुठे गेली होती.

"अनागा-सान, राग मानू नका," ते म्हणाले, "पण आईचं वय बघा. निदान स्वतःची वाट तरी तुम्ही—"

"हो ना, हो ना," मी जांभई देत म्हटलं. "जाग येत नाही हो मला."

समोरून इवाओकाका यंत्र घेऊन आले. आजींची वाट बघितली, माझी बघितली, रजईतली मी बघितली. "आज," ते मासाहारू-सानना म्हणाले, "काम फार नेटकं झालंय." आणि यंत्र चालू करून पुढे गेले.

मासाहारू-सान दुपारी एकटेच निघाले. मागच्या जागेवर नोझावानाचं पातेलं होतं, सांडू नये म्हणून पट्ट्याने बांधलेलं. काचेतून त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं: "पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघू." आजी वाकून हात हलवत राहिल्या. गाडी वळणाआड गेली तरी हलवत होत्या.

मग आम्ही त्यांच्या कोतात्सुत बसलो. त्यांनी किटली उचलली आणि परत खाली ठेवली. पुन्हा उचलली. झाकण खडखडायला लागलं. मी त्यांच्या हातातून किटली घेतली, चहा ओतला, पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो धरला. दोन्ही हात असे थरथरत होते की अर्धा चहा गोधडीवर गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी सरकून शेजारी बसले, पेला माझ्या हातात घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्या घोट घोट प्यायल्या, डोळे मिटून. तळवे सोलवटले होते. माझ्या वाटेवरच सोलवटले असणार, कारण स्वतःच्या वाटेपुरते ते पुरले असते.

"पुरे," त्या म्हणाल्या. मग डोळे न उघडताच, "किती वाजले?"

"तीन वाजून गेलेत."

"डोंगर दिसतोय का?"

मी दार किलकिलं करून बघितलं. डोंगर नव्हता. देवदारही पुसट झाले होते, आणि पहिले मोठे पांढरे तुकडे सावकाश खाली येत होते.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा सुरू झालंय."

आजींनी मान हलवली. थरथरणारे हात गोधडीखाली घेतले आणि मांडीवर घट्ट धरले.

"उद्याही झोपशील ना?"

मला नाही म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं.

"झोपेन, आजी," मी म्हटलं, आणि पेला परत भरून त्यांच्या ओठांना लावला.